फिफ्थ व्हील घ्यायचंय? आधी ट्रकचं दार उघडा

फिफ्थ व्हील म्हणजे राहायची सोय असलेला मोठा ट्रेलर, ज्याचं नाक पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात बसतं. आमचा पहिला ट्रक अर्ध्या टनी, म्हणजे हलक्या वर्गातला पिकअप होता. विकणाऱ्याने सांगितलं, अकरा हजार पाउंड ओढतो. ट्रेलर विकणाऱ्याला आम्ही ट्रक दाखवला, तो म्हणाला, आरामात ओढेल. खोटं कुणीच बोललं नाही. ट्रकने तो ट्रेलर खरंच ओढला. फक्त मागचा भाग इतका बसला की रात्री हेडलाइटचा उजेड रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडत होता, आणि समोरून येणारा प्रत्येकजण आम्हाला डिपर मारत होता. स्टिअरिंग हातात पिसासारखं हलकं लागत होतं. ते छान लक्षण नव्हे, पुढच्या चाकांवरचं वजन उचललं गेल्याचं लक्षण होतं.

अमेरिकेत नवीन आलेले, किंवा मुलं कॉलेजला गेल्यावर 'आता जरा फिरू' म्हणून आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या नादाला लागलेले बरेच मराठी लोक हल्ली मला ट्रकबद्दल विचारतात. प्रश्न नेहमी तोच असतो: "हा ट्रक हा ट्रेलर ओढेल का?" ओढेलच. हल्लीचे ट्रक काहीही ओढतात. विचारायचं असतं ते, पेलेल का?

आधी बैलगाडी आठवा

आमच्या सांगलीकडे उसाची गाडी भरताना अण्णा मागे उभे राहून ओरडायचे, "पुढं घे, पुढं घे!" मोळ्या मागे जास्त झाल्या तर गाडी उलाळायची, जू वर जाऊन बैलांच्या गळ्याला पट्टे आवळायचे. पुढे जास्त झाल्या तर सगळा भार बैलांच्या मानेवर. बैल गाडी ओढत तर होतेच, पण थोडा भार मानेवर घेतही होते, आणि तो किती घ्यायचा याचा अण्णांना नेमका अंदाज होता.

फिफ्थ व्हीलचं गणित हेच आहे. साधा ट्रॅव्हल ट्रेलर ट्रकच्या बंपरमागच्या गोळ्याला अडकतो आणि आपल्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार ट्रकवर टाकतो. फिफ्थ व्हीलचं नाक मात्र ट्रकच्या मागच्या हौद्यात, मागच्या आसाच्या अगदी वर किंवा किंचित पुढे येऊन बसतं. म्हणून तो रस्त्यावर शेपटीसारखा हलत नाही, वळतो छान, आणि मोठा करता येतो. त्याची किंमत म्हणजे ट्रकच्या 'मानेवर' येणारा भार: भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या पंधरा ते पंचवीस टक्के. मी हिशोबाला वीस-बावीस धरतो. याला पिन वेट म्हणतात, कारण तो सगळा भार एका दोन इंच जाडीच्या पोलादी किंगपिनभोवती उतरतो. नावातलं 'पाचवं चाक' घोडागाडीतून आलंय. पुढचा आस वळावा म्हणून गाडीखाली आडवी बसवलेली चकती, तिला ते पाचवं चाक म्हणत.

पहिली पायरी: ट्रेलर आधी ठरवा, कागदावर

ट्रक आधी आणि ट्रेलर नंतर, हा क्रम महागात पडतो. आमचा तसाच पडला. आधी ठरवा की घरात किती माणसं झोपणार, किती दिवस राहणार. आवडलेल्या ट्रेलरच्या माहितीपत्रकावरचे दोन आकडे लिहून घ्या: रिकामं वजन, आणि जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरल्यावर कंपनीने परवानगी दिलेलं जास्तीत जास्त वजन. मग रिकाम्या वजनावर काट मारा. पुन्हा त्याकडे बघू नका.

रिकामं वजन म्हणजे ज्यात पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरूण नाही, बऱ्याचदा बॅटरीही नाही. असा ट्रेलर तुम्ही फक्त एकदाच बघता, दुकानात. एक अमेरिकन गॅलन पाणी ८.३४ पाउंड भरतं. ६० गॅलनची टाकी भरली की पाचशे पाउंड तिथेच गेले. मग आपला संसार: बिडाचा तवा, दोन कुकर, मिक्सर, तांदळाची वीस पाउंडी पिशवी, ज्वारीचं पीठ, आणि आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतील तर त्यांच्या खुर्च्या आणि बॅगा. माझ्या अनुभवात दोन हजार पाउंड कधी चढले ते कळत नाही.

हिच म्हणजे ट्रकला ट्रेलर अडकवायची जोडणी. माहितीपत्रकात 'हिच वेट', म्हणजे त्या जोडणीवर येणारा भार, म्हणून छापलेला आकडाही रिकाम्या ट्रेलरचाच असतो. गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या, पुढच्या बेडरूममधलं कपाट आणि त्याखालचं मोठं सामानघर हे सगळं नाकाकडेच असतं, म्हणून सामान भरलं की पिनवरचा भार चांगलाच चढतो.

दुसरी पायरी: दार उघडा

आता ट्रकचं ड्रायव्हरचं दार उघडा आणि खांबावर बघा. पांढऱ्या स्टिकरवर पिवळा पट्टा असतो आणि त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांपेक्षा जास्त नको. हाच त्या ट्रकचा पेलोड. त्याच मॉडेलच्या शेजारच्या ट्रकचा आकडा वेगळा असतो, कारण सनरूफ, चामड्याची सीट, फोर बाय फोर असं जे जे कारखान्यात चढलं ते त्यातून वजा झालेलं असतं. म्हणून इंटरनेटवरचा 'मॅक्झिमम पेलोड' कामाचा नाही. तो सगळ्यात साध्या, सगळ्यात नागड्या ट्रकचा असतो. तसा ट्रक दुकानात क्वचितच उभा दिसतो.

पेट्रोल-डिझेलची भरलेली टाकी या हिशोबात आधीच धरलेली असते. तुम्ही मात्र धरलेले नसता. ड्रायव्हरसुद्धा सामान.

ज्या ट्रकचं जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पाउंडांच्या वर आहे, त्यावर हे पिवळ्या पट्ट्याचं स्टिकर नसूही शकतं. तिथे दुसऱ्या लेबलवर ट्रकचं जीव्हीडब्ल्यूआर आणि पुढच्या-मागच्या आसाची मर्यादा दिलेली असते. ट्रक वजनकाट्यावर नेऊन रिकामा तोला, ते वजन त्या आकड्यातून वजा करा, झाला पेलोड.

आणि 'अमुक हजार पाउंड ओढतो' हा आकडा कुठून येतो? तो मोजण्याची एक ठरलेली पद्धत आहे, एसएई जे२८०७. त्यात ट्रकला ट्रेलर लावून ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ, भर उन्हाळ्यात, एसी पूर्ण चालू ठेवून ठरावीक वेगाच्या खाली न जाता चढावा लागतो. चाचणी चांगली आहे, कडक आहे. पण त्या ट्रकमध्ये बसलेली माणसं किती धरलेली असतात? दोन. प्रत्येकी १५० पाउंड, म्हणजे ६८ किलो. आमच्या घरात त्या मापात फक्त धाकटी बसते.

तिसरी पायरी: वहीत हिशोब

एक खरोखरीचं उदाहरण घेऊ. ट्रेलरचं जीव्हीडब्ल्यूआर १४,०००. प्रवासाला निघताना भरून १३,५०० होईल असं धरू. त्याचे एकवीस टक्के, म्हणजे पिनवर साधारण २,८३५ पाउंड. घरातली चार माणसं ६०० पाउंड. हौद्यात बसवायची लोखंडी हिच १८०. हत्यारांची पेटी, जॅक, लाकडी ठोकळे, कुत्रा असेल तर कुत्रा, मिळून १२०. बेरीज ३,७३५.

आता ट्रक बघा. अर्ध्या टनी वर्गातल्या, म्हणजे एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, राम १५०० यांच्यासारख्या चार दारी ट्रकच्या स्टिकरवर बहुतेक वेळा दीड ते दोन हजारच्या मध्ये आकडा असतो. प्रश्नच मिटला. पाऊण टनी वर्गात, म्हणजे एफ-२५० किंवा २५०० या नंबरच्या ट्रकमध्ये, डिझेल इंजिन आणि सगळ्या सोयी घेतल्या की आकडा दोन-अडीच हजाराच्या आसपास अडकतो. हा ट्रक १४,००० पाउंडांचा ट्रेलर हसत हसत ओढेल, आणि पेलोडमध्ये हजाराहून जास्त पाउंडांनी नापास होईल. एक टनी ट्रक, मागे दोनच चाकं, त्याचा आकडा साडेतीन ते चार हजार: काठावर. मागे चार चाकं असलेला ड्युअली पाच हजारांच्या वर जातो, तिथे निवांत.

'टन' हे शब्द आता नुसते आडनावासारखे उरलेत, एक टनी ट्रक एका टनापेक्षा कितीतरी जास्त पेलतो. त्यावरून हिशोब करू नका.

यात एक गंमत आहे जी नवख्यांना पटत नाही. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा काहीशे पाउंडांनी जड असतं. जीव्हीडब्ल्यूआर तेवढंच असेल तर इंजिनाचं ते जास्तीचं वजन तुमच्या पेलोडमधून जातं. म्हणजे जास्त पैसे देऊन घेतलेला, जास्त ताकदीचा डिझेल ट्रक कमी पेलतो! म्हणून डिझेल वाईट असं नाही. उतारावर त्याचा एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनानेच गाडीचा वेग धरून ठेवायची सोय, देवासारखा धावून येतो. आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायनात ॲशव्हिलहून पूर्वेला येताना आय-४० वर ओल्ड फोर्टचा घाट आहे, सहा टक्क्यांचा लांब उतार, बाजूला ब्रेक फेल झालेल्या ट्रकांसाठी रेतीचे रॅम्प. तिथे ब्रेकवर पाय न ठेवता गाडी वेगात धरली जाते, तेव्हा पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. कोलोराडोत जाणार असाल तर आणखी एक कारण. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, आणि टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना अंदाजे तीन टक्के ताकद गमावतं. मैदानात फिरणार, ट्रेलर मध्यम असेल, तर पेट्रोलचा एक टनी ट्रक हा शहाण्याचा सौदा आहे असं माझं मत. डिझेलवाले मित्र यावर माझ्याशी भांडतात.

कुणीतरी हमखास सांगेल: "एअरबॅग बसव, मागचा भाग बसणार नाही." (म्हणजे मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, अपघातात फुगणाऱ्या नव्हेत.) बसणार नाही, खरं आहे. पण आस तोच, टायर तेच, चौकट तीच. एअरबॅगने ट्रक सरळ दिसतो, स्टिकरवरचा आकडा तसूभर बदलत नाही. वाकलेल्या माणसाला पट्टा बांधून सरळ उभं करण्याचा तो प्रकार.

चौथी पायरी: हौदा आणि हिच

पेलोड जमलं की हौद्याची लांबी मोजा. आठ फुटी हौदा असेल तर कुठलीही साधी हिच चालते. साडेसहा फुटी असेल तर कडक वळणावर ट्रेलरचा पुढचा कोपरा ट्रकच्या मागच्या काचेला भिडू शकतो. तिथे सरकणारी हिच घ्या, म्हणजे रिव्हर्स वळण घेताना ट्रेलर मागे सरकतो. हल्लीच्या काही ट्रेलरांचं नाक कोपऱ्यांत कापलेलं असतं, त्यांना थोडी सूट मिळते. पण विकत घेण्याआधी रिकाम्या पार्किंगमध्ये, कुणाला तरी बाहेर उभं करून, पूर्ण वळण घेऊन बघा. काच बदलायला जो खर्च येतो तो ऐकून माणूस कायमचा सावध होतो.

दुसरं माप उंचीचं. ट्रेलर जोडून सपाट जागेवर उभा केला की तो जमिनीशी समांतर हवा, आणि हौद्याच्या कडेपासून ट्रेलरच्या पोटापर्यंत सहा इंचांच्या आसपास मोकळी जागा हवी. हल्लीचे फोर बाय फोर ट्रक उंच असतात. जागा ठेवायला जावं तर ट्रेलरचं नाक वर, नाक खाली घ्यावं तर कडा घासते. दोन्हींचा मेळ हिचची उंची बदलून घालतात.

नवीन ट्रक घेत असाल तर कारखान्यातून हौद्यात बसवलेलं फिफ्थ व्हीलचं प्रेप पॅकेज मागा. हौद्याच्या तळाशी कुलपासारखी भोकं मिळतात, हिच त्यात बसते आणि काम झालं की काढून ठेवता येते.

पाचवी पायरी: काट्यावर जा

इतका वेळ केलेला हिशोब अंदाजाचा होता. आता तोला. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे पिवळ्या-काळ्या पाटीचे काटे असतात. थोडेच डॉलर लागतात. काट्याच्या तीन पाट्या असतात: पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर. उभे राहा, बटण दाबून बोला, चिठ्ठी घ्या. मग ट्रेलर बाजूला सोडून, माणसं-सामान तसंच ठेवून, नुसता ट्रक पुन्हा तोला.

आमच्या आताच्या एक टनी ट्रकची चिठ्ठी अशी होती. नुसता ट्रक: पुढे ४,८४०, मागे ३,५६०, एकूण ८,४००. ट्रेलरसकट: पुढे ४,९००, मागे ६,३००, ट्रेलरची चाकं १०,६००. ट्रेलर जोडल्यावर ट्रक ८,४०० चा ११,२०० झाला, म्हणजे पिनवर २,८००. ट्रेलरचं खरं वजन २,८०० अधिक १०,६००, म्हणजे १३,४००. भागाकार केला तर जवळजवळ एकवीस टक्के. ट्रकची मर्यादा ११,५००. तीनशे पाउंड शिल्लक. तेव्हापासून पाण्याची टाकी आम्ही मुक्कामी पोचल्यावर भरतो, आणि हौद्यात जळाऊ लाकूड नेत नाही.

चिठ्ठीवरचे आकडे चार मर्यादांशी ताडून बघा: ट्रकचं जीव्हीडब्ल्यूआर, मागच्या आसाची मर्यादा, ट्रेलरचं जीव्हीडब्ल्यूआर, आणि ट्रक-ट्रेलर मिळून एकत्र वजनाची मर्यादा, जिला जीसीडब्ल्यूआर म्हणतात. आमची बेरीज २१,८०० आली. यातली एकही मर्यादा ओलांडली तर उरलेल्या तीन पास असून उपयोग नाही. जड ट्रेलरांत बहुतेक वेळा पहिली नाहीतर दुसरी फसते.

टायरही याच वेळी वाचा. बाजूवर भार निर्देशांक असतो. १२५ लिहिलं असेल तर एका टायरची क्षमता १,६५० किलो, दोन टायरची ३,३००, तीही टायरमध्ये पूर्ण हवा असेल तरच. ट्रेलरच्या टायरवर शेवटचे चार आकडे बनवल्याची तारीख सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रेलर उभा राहून राहून टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी कोरी करकरीत दिसते आणि टायर उन्हात फुटतो.

कायद्याचं थोडं

लायसन्सचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, आपल्या राज्याच्या डीएमव्हीचं, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याचं, हँडबुक वाचा. नमुना म्हणून: कॅलिफोर्नियात फिफ्थ व्हीलचं जीव्हीडब्ल्यूआर १०,००० च्या वर आणि १५,००० पर्यंत असेल तर साध्या लायसन्सवर वेगळी नोंद करून घ्यावी लागते, १५,००० च्या वर नॉन-कमर्शियल क्लास ए. टेक्ससमध्ये ट्रक-ट्रेलर मिळून २६,००० च्या वर गेलं की क्लास ए. आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असेल तर वेगमर्यादा ५५, मग बाजूचे कितीही भरधाव जावोत.

उंचीही लक्षात ठेवा. फिफ्थ व्हील साडेबारा-तेरा फुटांचं असतं. आमच्याजवळ डरममध्ये रेल्वेचा एक पूल ११ फूट ८ इंचांचा होता, ट्रकांची छपरं कापण्यासाठी जगप्रसिद्ध. २०१९ साली तो उचलून १२ फूट ४ इंच केला. तरीही आमचा ट्रेलर तिथून जाणार नाही. आपली उंची टेपने मोजा, छपरावरच्या एसीसकट, आणि चिठ्ठी लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. घाबरलेल्या क्षणी पाठ केलेलं आठवत नाही.

जोडताना

जोडण्याचा क्रम पक्का असू द्या, आणि मध्ये कुणी "चहा घेतोस का?" विचारलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा. ट्रकचा मागचा फाळका खाली करा. ट्रेलरचं नाक हिचच्या पाटीपेक्षा अगदी थोडं खाली ठेवा, म्हणजे ट्रक मागे घेताना पाटी त्याला किंचित उचलत आत जाते. नाक उंच राहिलं तर किंगपिन जबड्याच्या वर बसतो, आवाज बरोबर येतो, आणि अडकलेलं काहीच नसतं. टॉर्च घेऊन वाकून बघा: जबडा पिनभोवती पूर्ण मिटलाय का, पाटी आणि ट्रेलर यांच्यात फट तर नाही ना. मग हँडलला खिटी लावा. ट्रेलरचे दिवे आणि ब्रेक चालवणारी सात टोकांची वायर जोडा. ब्रेकअवेची तार, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी, ट्रकला बांधा, हिचला नको, कारण हिचच सुटली तर तारही तिच्याबरोबर जाईल.

आता ट्रेलरचे पुढचे टेकायचे पाय जमिनीपासून फक्त इंचभर उचला, जास्त नाही. ट्रकमध्ये बसून ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबा, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतील, आणि गाडी हळूच पुढे ओढा. ट्रक थबकला तर जोडणी पक्की. सुटला तर ट्रेलर इंचभर खाली येऊन पायांवर उभा राहील, तुमच्या हौद्याच्या कडांवर कोसळणार नाही. एका कॅम्पग्राउंडवर शेजारच्या गृहस्थांनी पाय आधीच पूर्ण वर घेतले होते. तो आवाज मी विसरलेलो नाही, आणि पाठोपाठचा शांतपणाही नाही. त्यांच्या बायकोने काही न बोलता खुर्ची उलगडली आणि बसली.

पक्कं असेल तर पाय पूर्ण वर, फाळका बंद, अडण्या काढा, दिवे आणि इंडिकेटर कुणाला तरी मागे उभं करून तपासा. पहिल्या पन्नास मैलांनंतर थांबा. चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळा, आणि प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू न्या. चार सारखे कोमट लागले तर चला पुढे. एकच चटका देत असेल तर त्याचं बेअरिंग किंवा ब्रेक बघितल्याशिवाय हलू नका.